बिनहजेरीची शाळा

मुरबाडहून म्हशामार्गे येणारी एसटी जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथून सिद्धगडाच्या अंगाने बरंच चालल्यावर देवकीची शाळा लागते. शाळा म्हणायची आपली. पाटी नाही, घंटा नाही, गणवेश नाही. देवकीचा भाऊ ज्ञानेश्वर याचा जुना गोठा गुरं विकल्यावर रिकामा पडला होता. तिने तो स्वतः सारवला, भिंतीला दोन खिडक्या पाडून घेतल्या आणि गावातली पोरं आत बसवली. पट कमी झाला म्हणून गावातली सरकारी शाळा बंद झाली होती आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडे, दोन गावं सोडून. पावसाळ्यात ओढा कोण ओलांडणार? पोरं आधी पावसाळाभर घरी बसली, मग बारा महिने बसायला लागली. हे कानावर आलं तेव्हा देवकीने शहापूरची शिक्षिकेची नोकरी सोडली आणि गावी परतली. लग्न केलेलंच नव्हतं, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. गावची सगळीच पोरं तिला आत्या म्हणत आणि शाळेतही तिने तेच चालू ठेवलं.

पोरं भात मापता मापता गणित शिकत, बांधावरची पाखरं ओळखता ओळखता विज्ञान. वेळ आली की मुक्त शाळेच्या परीक्षेला बसत आणि पासही होत. कल्याण-डोंबिवलीहून पाहुणे येत, किती छान, किती छान म्हणत फोटो काढत आणि स्वतःच्या मुलांना मात्र एसीच्या शाळेत घालत. देवकी त्यांना चहा पाजायची आणि ते गेले की पोरांसमोर त्यांची हुबेहूब नक्कल करायची. जिभेला हाड नव्हतंच तिच्या.

पाहुण्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते हजेरीचं. या शाळेत हजेरी नव्हती. शहापूरच्या शाळेत देवकीने इतकी वर्षं रोज सकाळी नावं पुकारली होती, पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, की पुढेपुढे तिला पोरांचे चेहरेच दिसेनासे झाले होते. नुसती नावं दिसत आणि नावापुढे 'हजर'. एकदा एक मुलगी शाळेत नसताना भलतीच कोणीतरी तिच्या नावाला हजर म्हणाली आणि देवकीला दिवसभर पत्ता लागला नाही. त्या दिवशी तिला स्वतःची शिसारी आली होती. म्हणून इथे तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, आला तो दिसेल, नाही आला त्याच्या घरी जाऊन बघू, नाव पुकारायचं नाही.

गोठ्यात हे ठीक होतं. पण पोरांना घेऊन रानात जायचं तर हाक मारायला काहीतरी हवं. ती सोय धर्माबाबाने केली. धर्माबाबा म्हणजे गावातला म्हातारा, जन्मभर गडाच्या उतारावर गुरं चारलेला. तो म्हणाला, "रानात मानसाचं नाव घ्यायचं नाय गो, देवकी. आमी कदी घेतलं नाय. डोंगर ऐकतो. ऐकून ऐकून शिकतो. मंग तोच हाका मारतो."

"मग तुम्ही एकमेकांना बोलवायचात कसं?"

"कुकारा घालायचा. ज्याचा त्याचा येगला."

देवकीला ही कल्पना इतकी आवडली की तिने ती शाळेची रीतच करून टाकली. प्रत्येक पोराने आपला कुकारा, म्हणजे आपली बिनशब्दांची हाक, आपण शोधायचा. अक्षदा, शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी, भारद्वाज पक्ष्यासारखी घुमायची. प्रज्वल दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचा. डोंगर शिकतो हे वाक्य देवकी पाहुण्यांना रंगवून सांगायची आणि त्यांनी ते लिहून घेतलं की खूश व्हायची. विश्वास होता का? तर नाही. डी.एड. झालेली बाई, शहापूरला विज्ञानही शिकवलेलं. तिला ती रीत सुंदर वाटली, एवढंच.

आषाढात सोनाली आपल्या मुलीला घेऊन आली. सोनाली ही देवकीची शहापूरची जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच एका औषधांच्या दुकानात कामाला. नवरा दीपेश भिवंडीला गोदामात. मुलगी समीक्षा, तिसरीतली. डोळे मोठे, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

"दोन वर्षं झाली, बाई," सोनाली म्हणाली. ती अजून देवकीला बाईच म्हणायची. "इंग्लिश मीडियमला घातली तेव्हा चुरूचुरू बोलायची. तिथे हळू बोलली म्हणून रोज उभी करायचे. मोठ्याने बोल, मोठ्याने बोल. मग बोलायचीच बंद झाली. डॉक्टर म्हणतात कानाला काही नाही, घशाला काही नाही. मला आईसुद्धा म्हणत नाही."

"काहीच बोलत नाही?"

सोनालीने मान खाली घातली. "हजेरीला बोलते. नाव घेतलं की उभी राहते आणि म्हणते, प्रेझेंट टीचर. घरी पण. मी कधी रागाने पूर्ण नाव घेऊन ओरडले, तर मलाही म्हणते, प्रेझेंट टीचर. परवा झोपेत म्हणाली."

देवकीने त्या पोरीकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आपण इतकी वर्षं जे पुकारत होतो त्याचंच हे फळ आहे. आणि मग ती बोलू नये ते बोलून बसली. "ठेव माझ्याकडे. माझ्या घरात राहील, माझ्या ताटात जेवेल. दिवाळीच्या आत तुला आई म्हणून हाक मारली नाही तर बाई म्हणू नकोस मला." शब्द देऊन झाल्यावर ती स्वतःच दचकली, पण सोनाली तिथेच रडायला लागली होती आणि आता मागे घेणं जमण्यासारखं नव्हतं.

समीक्षा रमली. चिखलात उतरली, आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधायला शिकली, आवाज न करता हसायला लागली. अक्षदा तिला पाठीवर घेऊन हिंडायची. पण बोलली नाही आणि कुकाराही शोधला नाही. देवकीने घाई केली नाही. रानात गेलं की अक्षदाने तिचा हात सोडायचा नाही, असं ठरवून टाकलं.

गौरी आल्या. तेरड्याची गौर आणायला म्हणून देवकी पोरांना घेऊन उतारावर चढली. तेरडा गुडघाभर फुलला होता, पोरं मुळासकट उपटत होती, हसत होती. आणि गडावरून धुकं उतरलं. तिथे ते उतरतंच, त्यात नवल नाही, पण त्या दिवशी ते इतकं भरभर आलं की हातातला तेरडा दिसेना. देवकीने जागच्या जागी बसून कुकारा घातला. भारद्वाज घुमला, शीळ वाजली, एकेक करून सगळे आवाज जवळ आले आणि पोरं तिला येऊन बिलगली. शेवटी अक्षदा आली ती एकटीच.

"आत्या, ती कुठाय? माज्या हातात व्हती. हातात व्हती गो."

उताराच्या त्या बाजूला कडा आहे. कुकारा घालून उपयोग नव्हता, त्या पोरीला कुकाराच नव्हता. तिला एकाच हाकेला ओ देता यायची. देवकी उभी राहिली, आणि इतक्या वर्षांची सवय तिच्या घशातून आपोआप बाहेर पडली. वर्गात पुकारावं तशी, खणखणीत.

"समीक्षा दीपेश भोईर!"

काही नाही. तिने पुन्हा पुकारलं. मग पुन्हा. पोरं तिचा पदर ओढत होती, आत्या नको, आत्या नको, पण तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी खालच्या अंगाने, अगदी जवळून, बारीक आवाज आला, "प्रेझेंट टीचर." आणि धुक्यातून पोर चालत आली, हातात तेरड्याचं एक झाड धरून. देवकीने तिला छातीशी धरलं. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कड्यावरून हाक परत आली. त्या कड्यावर आवाज घुमतो, हे पोरांना माहीत होतं. पण तो नेहमी शेवटचा तुकडाच परत देतो. या वेळी सगळं नाव आलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि उशिरा आलं. विचार करून म्हटल्यासारखं.

"प्रतिध्वनी," देवकी हसून म्हणाली. "उद्या शिकू आपण." पोरांपैकी कोणी हसलं नाही.

धर्माबाबाला कोणीतरी सांगितलंच. तो ओट्याशी आला, बसला नाही. "पुऱ्या नावानं घातलीस हाक?"

"पोरगी कड्याजवळ होती, बाबा. काय करायला हवं होतं मी?"

"तू करायचं तेच केलंस," म्हातारा म्हणाला. "पन त्यानं शिकलं आता." आणि निघून गेला.

गौरी-गणपती गेले, शाळा पुन्हा सुरू झाली. सकाळ स्वच्छ होती, ऊन गोठ्याच्या दारात आलेलं. दुसऱ्या शाळांमध्ये ज्या वेळी हजेरी घेतात ती वेळ. देवकी मोडक्या सुपाला शिवण घालत होती आणि दोरा दातांत धरला होता, हे तिला पुढे नीट आठवत राहिलं. कारण तिचं तोंड बंद होतं आणि तिचाच आवाज उतारावरून आला.

"समीक्षा दीपेश भोईर."

ओरडल्यासारखा नाही. वर्गात बसून, मान खाली घालून पुकारावा तसा. समीक्षाने हातातलं काम ठेवलं, उभी राहिली, म्हणाली, "प्रेझेंट टीचर," आणि दाराकडे निघाली. उंबऱ्यात अक्षदाने तिला धरलं. सगळी पोरं देवकीकडे बघत होती आणि देवकीच्या दातांत अजून दोरा होता.

मग रोज. पावसाची सर असो की ऊन, ती वेळ झाली की आवाज यायचा आणि पोर निघायची. आधी अंगणापर्यंत, मग बांधापर्यंत. एकदा ओढ्याच्या काठावर धरली तिला. हट्ट नसायचा, रडणं नसायचं. वर्गात फळ्याकडे बोलावल्यावर मूल जसं जातं तशी जायची. देवकीने तिच्या कानात कापूस घातला, तरी ती उठली. त्या वेळेला सगळ्या पोरांना मोठमोठ्याने पाढे म्हणायला लावले. पाढ्यांच्या वरून आवाज आला, स्पष्ट, जराही न वाढता.

ज्ञानेश्वर पहिल्यापासून म्हणत होता की हे कोणातरी टग्याचं काम आहे. तो काठी घेऊन कड्याखाली जाऊन बसला. परत आला तेव्हा घामाने भिजलेला. "वर कोन नाय," तो म्हणाला. "आवाज आला तो खालून. तुज्या शाळेतून. मला वाटलं तूच हाक मारतेस." त्यानंतर तो त्या बाजूला गवत कापायलाही गेला नाही.

देवकीला रात्री झोप लागेना. तिला डोंगराची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त शरम वाटत होती. ज्या एका गोष्टीपासून त्या पोरीला दूर ठेवायचं म्हणून इथे आणली, तीच आपण डोंगराला शिकवून बसलो. शेवटी तिने धर्माबाबाचे पाय धरले.

म्हातारा म्हणाला, "नाव टाकायचं तिचं. दुसरं काय नाय."

गावात ही चाल जुनी होती. ज्यांची मुलं जगत नसत ते बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवत. आई मागे वळून न बघता निघून जाई. मग दुसरी कोणी बाई ते मूल उचली, त्याला भलतंच नाव देई आणि मूठभर कण्या घेऊन आईला विके. मूल आता त्या आईचं नाही, विकत घेतलेलं आहे, म्हणून नेणारा नेत नाही. धर्माबाबाचा एक भाऊ असाच धोंडू झाला होता.

"तिच्या आयेला बोलव," म्हातारा म्हणाला. "तिनंच टाकायला हवं. आन एकदा टाकलं की ते नाव तिनं परत तोंडातून काडायचं नाय. घरात नाय, सपनात नाय. काडलं तर सगलं गेलं."

सोनाली स्कूटीवरून आली ती भडकूनच. देवकीने काही लपवलं नाही, गौरीच्या दिवसापासून सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. सोनाली ऐकता ऐकता उभी राहिली. "बाई, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, भूतबित काही नसतं? सातवीत? विज्ञानाच्या तासाला?" "माझ्या पोरीला उकिरड्यावर ठेवू? मी नेते तिला. समीक्षा! समीक्षा, चल, कपडे भर!" ती अंगणात उभी राहून ओरडत होती आणि देवकी हात जोडून सांगत होती, ओरडू नकोस, इथे ओरडू नकोस. अंधार पडत आला होता, घाटातला रस्ता वाईट. सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी सोनाली स्कूटीला पिशवी बांधत होती. समीक्षा तिच्या शेजारी उभी होती, नवा फ्रॉक घालून. ती वेळ झाली. आवाज आला. पण देवकीचा नव्हता.

"समीक्षा! समीक्षा, चल."

सोनालीच्या हातातून दोरी सुटली. तो तिचा आवाज होता. कालचा, अंगणातला, फक्त राग काढून टाकलेला. मऊ.

आणि समीक्षाने डोंगराकडे तोंड केलं. तिचा चेहरा उजळला, कितीतरी दिवसांत उजळला नव्हता तसा. ती म्हणाली, "आई! आले, आई."

दोन वर्षं ज्या शब्दासाठी सोनालीने देव पाण्यात घातले होते तो तिच्या शेजारी उभं राहून तिच्या लेकीने उच्चारला, आणि तोही तिच्याकडे पाठ करून. पोर पळत सुटली. ज्ञानेश्वरने बांधावर गाठली म्हणून बरं. सोनाली जागची हलली नाही. मग तिने देवकीकडे न बघता विचारलं, "उकिरडा कुठे आहे?"

उकिरडा गोठ्याच्या मागे होता. सुपात मावायचं वय नव्हतं, म्हणून देवकीने सूप उपडं करून पोरीच्या डोक्यावर धरलं. शेण, राख, आंब्याच्या कोयी, त्यावर नवा फ्रॉक घातलेली ती पोर. गावातले चार लोक लांब उभे होते. धर्माबाबाने सोनालीला सांगितलं, पिंपळापर्यंत चालायचं, काय ऐकू आलं तरी मान वळवायची नाय.

सोनाली निघाली. तिचे खांदे बघूनच देवकीला कळत होतं की ती कशी चालते आहे. अर्ध्या वाटेवर पोहोचली आणि मागून हाक आली, "आई."

देवकी पोरीला धरून उभी होती. सुपाखाली तिचं तोंड दिसत नव्हतं. हाक सुपाखालून आली की उतारावरून, ते देवकीला त्या दिवशीही सांगता आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही. सोनाली थांबली. "आई," पुन्हा आलं, आता रडवेलं. सोनालीने दोन्ही हात कानांवर दाबले आणि ती पिंपळापर्यंत गेली.

देवकीने पोरीला उकिरड्यावरून उचललं आणि पिंपळाशी आणलं. "ही कोणाची? ही तर टाकलेली. ही बारकी," ती म्हणाली, जसं सांगितलं होतं तसं. सोनालीने मूठभर कण्या तिच्या पदरात घातल्या आणि बारकीला विकत घेतलं.

"भूक लागली," बारकी म्हणाली.

नवं नाव अंगवळणी पडावं म्हणून दिवाळीपर्यंत तिला देवकीकडेच ठेवायचं ठरलं. तिथपासून ती बोलायलाच लागली. भाकरी दे, अक्षदा कुठाय, तो बेडूक बघ. दुसऱ्या दिवशी ती वेळ झाली, डोंगराने नाव घेतलं. बारकी तांदळातले खडे वेचत होती. तिने मान वर केली नाही. कोणा दुसऱ्याच मुलीला बोलावत असावेत तशी ती वेचत राहिली आणि देवकीने गोठ्याच्या मागे जाऊन मोकळं रडून घेतलं.

दिवाळीला सोनाली न्यायला आली. बारकी तिला आई म्हणाली, गळ्यात पडली, वाटभर सांगायचं ते सगळं अंगणातच सांगून मोकळी झाली. देवकीचा शब्द खरा झाला होता. आता प्रश्न एवढाच होता की शहापूरच्या कुठल्याही शाळेत तिला घालता येणार नव्हतं. कागदावर जुनं नाव होतं आणि रोज सकाळी कोणीतरी ते पुकारलंच असतं, आणि टाकलेलं नाव तिला परत चिकटलं असतं. नाव बदलायचा अर्ज करायला दीपेशला एकट्याला पाठवायचं ठरलं. तोवर काय, तर घरीच शिकवायचं, देवकीसारखं, आणि परीक्षेपुरतं मुक्त शाळेत नाव घालायचं. हे सोनाली उत्साहाने सांगत होती. मायलेकी स्कूटीवर बसल्या होत्या, बारकी मागे, आईच्या कमरेला मिठी घालून.

उतारावरून देवकीच्या आवाजात हाक आली, रोजच्यासारखी. "समीक्षा दीपेश भोईर."

आणि उत्तर आलं. वरून, कड्याच्या बाजूने, लहान मुलीच्या आवाजात. "प्रेझेंट टीचर."

सोनालीने हँडल सोडलं. बारकी तिच्या पाठीला चिकटून दिवाळीच्या किल्ल्याबद्दल काहीतरी सांगत होती, तिचं बोलणं तुटलं नव्हतं. दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येत होते. दोन्ही एकाच मुलीचे होते.

"बाई," सोनाली हळूच म्हणाली, "ती कोण?"

"कोणी नाही. तू नीघ."

"मी पिंपळाकडे चालत होते तेव्हा आई कोण म्हणालं? हिने म्हटलं की तिने?"

खोटं बोलायचं देवकीच्या मनात आलं, पण जीभ उचलली नाही. सोनालीचे डोळे कड्यावर होते आणि तोंड उघडलं होतं, पहिलं अक्षर ओठांवर आलं होतं. देवकीने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. "आई, चल ना," बारकी मागून म्हणाली, "उशीर होतोय." मग सोनाली गेली.

बारकी आता शहापूरला आहे. हुशार आहे, बडबडी आहे, शेजारपाजारचे कौतुक करतात. घरी बसून शिकते म्हणून चार लोक नाकं मुरडतात, पण ते चालायचंच. देवकीची शाळाही चालू आहे. पोरं रानात जात नाहीत, एवढाच फरक.

सोनाली मात्र सुट्टी मिळाली की येते. बारकीला आणत नाही, घरी काय सांगून येते तेही देवकी विचारत नाही. ओट्यावर कड्याकडे तोंड करून बसते. देवकी चहा करून देते आणि तिच्या शेजारी, अगदी लागून बसते. हाक येते. उत्तर येतं. मग थोड्या वेळाने, कधी येतं, कधी येत नाही, ते "आई", थकलेलं, वाट बघून बघून म्हटल्यासारखं. ते आलं की सोनालीचे ओठ हलायला लागतात आणि देवकी तिच्या तोंडावर आपला हात ठेवते. इतके दिवस सोनाली तो हात तसाच राहू द्यायची. गेल्या खेपेला तिने तो धरला आणि ओठ मोकळे होण्यापुरता बाजूला करून पाहिला.